संत ऑगस्टीन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट संपत आला की चर्चच्या दिनदर्शिकेत मायलेकांचे सण पाठोपाठ येतात. २७ तारखेला संत मोनिका, २८ ला संत ऑगस्टीन. त्या दोन दिवसांतल्या प्रवचनांचा ठरलेला साचा असतो: वाया गेलेला मुलगा, रडणारी आई, बागेतला आवाज आणि मग संतपण. त्यात खोटं काही नाही. पण एवढ्यावरच थांबलं तर माणूस हातातून निसटतो. म्हणून मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. भाषेबद्दल एक खुलासा आधीच करतो. तरुण ऑगस्टीनला मी 'तो' म्हणणार आहे आणि धर्मगुरू झाल्यानंतरच्या ऑगस्टीनना 'ते'. नासपती चोरणाऱ्या पोराला अहोजाहो करणं मला जमत नाही.

थोडक्यात सांगा, हे कोण होते?

१३ नोव्हेंबर ३५४ रोजी रोमन साम्राज्याच्या उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावात जन्म. आज ते गाव अल्जीरियात आहे, नाव सूक अहरास. वडील पात्रिकियुस गावच्या नगरसभेचे सभासद. थोडी जमीन, मोठा मान आणि रिकामी तिजोरी. आई मोनिका ख्रिस्ती. वडिलांनी जुने रोमन देव सोडले ते आयुष्याच्या अखेरीला. मुलगा वक्तृत्वाचा शिक्षक झाला, बत्तिसाव्या वर्षी ख्रिस्ताकडे वळला, ३८७ मध्ये त्याने बाप्तिस्मा घेतला, ३९१ मध्ये तो धर्मगुरू झाला आणि ३९५-९६ च्या सुमारास हिप्पो या बंदराच्या शहराचा, म्हणजे आजच्या अन्नाबाचा बिशप. २८ ऑगस्ट ४३० रोजी पंच्याहत्तराव्या वर्षी, शहराला शत्रूचा वेढा पडलेला असताना मृत्यू. पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर संत पौलानंतर इतका खोल ठसा दुसऱ्या कुणाचा नाही, असं म्हटलं तर फारसं कुणी भांडणार नाही.

आफ्रिकन म्हणजे ते काळे होते का?

त्यांच्या रंगाविषयी समकालीनांपैकी कुणी एक ओळ लिहून ठेवलेली नाही, त्यांनी स्वतःही नाही. त्या काळच्या लोकांना तो प्रश्न महत्त्वाचा वाटत नव्हता. मोनिका हे नाव उत्तर आफ्रिकेतल्या मूळच्या बर्बर लोकांतलं आहे, त्यामुळे घराण्यात बर्बर रक्त असणार असं अभ्यासक धरतात. घरची भाषा मात्र लॅटिन. गंमत अशी की मिलानमध्ये साम्राज्याच्या दरबाराचा वक्तृत्वशिक्षक झाल्यावरही इटलीचे लोक त्याच्या आफ्रिकी उच्चारांना नाकं मुरडत. हे त्यानेच लिहून ठेवलं आहे. गावाकडचा हेल घेऊन शहरात भाषा शिकवायला गेलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

नासपतीच्या चोरीचं एवढं काय? सगळीच पोरं फळं चोरतात.

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण विचारणारा बरोबर जागी बोट ठेवतो.

सोळाव्या वर्षी ऑगस्टीन घरी बसून होता. मदौरा गावातली शाळा संपली होती आणि कार्थेजला पाठवायला वडिलांकडे पैसे नव्हते. रिकामं डोकं, उनाड मित्र. एका रात्री टोळक्याने शेजारच्या बागेतलं नासपतीचं झाड हलवून फळं पळवली. खाल्ली नाहीतच म्हणा, डुकरांपुढे टाकली. त्याच्या स्वतःच्या घरी याहून चांगली नासपती होती.

पन्नाशीकडे झुकलेला बिशप 'कन्फेशन्स' या आत्मकथनात ही क्षुल्लक गोष्ट कित्येक पानं उकरत बसतो. भूक नव्हती, फळ चांगलं नव्हतं, सूड नव्हता, मग चोरलं कशासाठी? हाताशी आलेलं एकेक उत्तर तो तपासतो आणि बाजूला ठेवतो. शेवटी दोन गोष्टी उरतात. एक, चुकीचं आहे म्हणूनच ते करण्यात मजा होती. दुसरी, एकटा असतो तर केलं नसतं. 'चला, करू या' असं चारचौघांनी म्हटल्यावर मागे राहायची लाज वाटते. घोळक्याने दुसऱ्याचं वाटोळं करताना माणसाच्या मनात काय चालतं, त्याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि त्यासाठी त्यांनी खून-दरोड्याचं उदाहरण घेतलं नाही, फळांचं घेतलं.

ते खूप व्यभिचारी होते ना?

लोक समजतात तितके नाही. सतराव्या वर्षी कार्थेजला गेल्यावर लवकरच तो एका बाईसोबत राहू लागला, आणि जवळजवळ पंधरा वर्षं तिच्याशीच एकनिष्ठ राहिला. त्यांना मुलगा झाला, नाव अदेओदातुस, म्हणजे 'देवाने दिलेला'. आपल्याकडच्या देवदत्तासारखंच. मराठीत या बाईसाठी 'रखेल' शब्द सर्रास वापरला जातो, पण तो बसत नाही. रोमन समाजात खालच्या थरातल्या स्त्रीशी लग्नाशिवायचा असा स्थिर संसार उघडपणे चाले, आणि पुढे हुद्दा वाढला की पुरुष तो मोडून 'योग्य घरातली' बायको करी.

इथेही तेच झालं. मिलानमध्ये मोठी नोकरी मिळाली, सुभेदारीची स्वप्नं पडू लागली आणि त्यासाठी हुंडा आणणारी मुलगी हवी होती. मोनिकाने स्थळ ठरवलं. मुलगी इतकी लहान होती की कायद्यातलं लग्नाचं वय, म्हणजे बारा, पुरं व्हायला अजून दोन वर्षं थांबायचं होतं. पंधरा वर्षं सोबत राहिलेल्या बाईला आफ्रिकेला परत पाठवण्यात आलं. यापुढे दुसऱ्या पुरुषाचं तोंड पाहणार नाही, अशी शपथ घेऊन ती गेली. मुलगा बापाकडे राहिला. आणि हा? त्याने दोन वर्षं वाट पाहण्याऐवजी मधल्या काळासाठी दुसरी बाई ठेवली. ते लग्न पुढे झालंच नाही.

तिला ओढून काढताना आपलं काळीज फाटलं, रक्ताचा माग राहिला, असं ते लिहितात. आपण तिच्याइतके खरे निघालो नाही, हेही कबूल करतात. पण तिचं नाव लिहीत नाहीत. तिची अब्रू झाकायला, असं काही अभ्यासक म्हणतात. असेल. मला मात्र दर वेळी तिथे अडखळायला होतं. आईचं नाव अजरामर झालं, मुलाचं झालं, आणि जिने सगळ्यात जास्त गमावलं ती तेवढी 'ती' राहिली.

मानीपंथात ते नऊ वर्षं होते म्हणतात. हा पंथ काय होता?

तिसऱ्या शतकात मेसोपोटेमियात वाढलेल्या मानी नावाच्या धर्मसंस्थापकाचा. जगात प्रकाश आणि अंधार अशी दोन आदितत्त्वं आहेत, त्यांची लढाई चालू आहे, आपला आत्मा प्रकाशाचा कण असून तो देहाच्या अंधारात अडकला आहे, अशी ती मांडणी. अनुयायांचे दोन दर्जे होते. वरचे 'निवडलेले': मांस-मद्य वर्ज्य, ब्रह्मचर्य, झाडाचं फळसुद्धा स्वतः तोडायचं नाही. खालच्या दर्जाच्या लोकांनी संसार करायचा आणि वरच्यांना अन्न आणून द्यायचं. या खालच्यांचं नाव होतं 'ऐकणारे'. जैन परंपरेतला 'श्रावक' हा शब्द मराठी वाचकाला इथे सहज आठवेल. अर्थ अगदी तोच. ऑगस्टीन नऊ वर्षं असा श्रावक होता.

त्याला यात काय भावलं? 'वाईट करतो तो मी नव्हेच, माझ्यातला अंधार करतो' ही सोय. हेही त्यानेच नंतर सांगितलं. शिवाय हे लोक 'आंधळा विश्वास नको, बुद्धीने पटवून देऊ' म्हणत. पण ग्रहणांचं गणित खगोलशास्त्रज्ञांचं बरोबर येई आणि मानीच्या ग्रंथांतलं जुळत नसे. 'आमचे फाउस्तुस आले की सगळं उलगडतील', असं त्याला वर्षानुवर्षं सांगण्यात आलं. ३८३ च्या सुमारास ते आले. गोड बोलणारे, नम्र गृहस्थ. प्रश्न विचारल्यावर प्रामाणिकपणे म्हणाले, मला यातलं कळत नाही. ऑगस्टीनला ते माणूस म्हणून आवडले, पंथ मात्र मनातून उतरला.

संत मोनिका नुसत्या रडतच होत्या का?

रडत होत्या, पण समुद्रही ओलांडत होत्या. ३८३ मध्ये मुलगा रोमला निघाला तेव्हा त्या बंदरापर्यंत मागे आल्या: एक तर तू परत चल, नाहीतर मला ने. मुलाने थाप मारली की मित्राला निरोप द्यायचाय, तू जवळच्या संत सिप्रियनच्या स्मारकात रात्र काढ. सकाळी जहाज गेलेलं. दोन वर्षांनी बाई मिलानला दारात हजर.

त्यांच्याविषयी मुलाने लिहिलेल्या बारीकसारीक गोष्टी मला अश्रूंपेक्षा जास्त बोलक्या वाटतात. लहानपणी घरच्या पिंपातून वाइन काढून आणायला पाठवलं की त्या गुपचूप घोट घेत. घोटाचा पेला झाला, तेव्हा मोलकरणीने भांडताना 'दारुडी' म्हटलं आणि त्या दिवशी सवय सुटली. पुढे मिलानमध्ये, आफ्रिकेच्या रिवाजाप्रमाणे, हुतात्म्यांच्या थडग्यांवर लापशी, पाव आणि वाइन घेऊन गेल्या. दरवानाने अडवलं: बिशप अँब्रोज यांनी बंदी केली आहे. त्या मुकाट परत फिरल्या. आपली आई इतकी जुनी सवय कुणाच्या सांगण्यावरून सोडेल याचं मुलालाही नवल वाटलं. अँब्रोज नसते तर सोडली नसती, असं तो स्पष्टच म्हणतो.

३८७ मध्ये आफ्रिकेला परतताना रोमचं बंदर ओस्तिया इथे त्यांना ताप आला. वय छप्पन्न. परमुलखात पुरलं जाण्याची भीती नाही का वाटत, असं विचारल्यावर म्हणाल्या, देवापासून काहीच दूर नसतं. ओस्तियात १९४५ मध्ये खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणणाऱ्या मुलांना एक संगमरवरी तुकडा लागला. तो त्यांच्या समाधीलेखाचा निघाला.

बागेत नक्की काय झालं?

साल ३८६, उन्हाळ्याचे दिवस, मिलान. डोक्याने ऑगस्टीनला सगळं पटलं होतं. अँब्रोज यांची प्रवचनं ऐकून बायबल अडाण्यांचं पुस्तक नाही हे उमगलं होतं, प्लेटोच्या परंपरेतले ग्रंथ वाचून देव म्हणजे काही सूक्ष्म पदार्थ नव्हे हेही कळलं होतं. अडत होतं ते पाऊल. त्या दिवशी एक पाहुणा आला आणि इजिप्तच्या वाळवंटातले तपस्वी संत अंतोनी यांची गोष्ट सांगून गेला. ऑगस्टीन मित्र अलीपियुसकडे वळून ओरडला: अडाणी उठून स्वर्ग लुटताहेत आणि आपण शिकलेले चिखलात लोळतोय! मग बाग, केस उपटणं, कपाळ बडवणं, अंजिराच्या झाडाखाली रडणं. शेजारच्या घरातून मुलाचा का मुलीचा, गाण्याच्या चालीवर आवाज आला: 'घे, वाच. घे, वाच.' कुठल्या खेळात पोरं असं म्हणतात का, हे त्याने आधी आठवून पाहिलं. ही खास त्याची तऱ्हा. चमत्कारातसुद्धा आधी खातरजमा. आठवेना, तेव्हा पौलाच्या पत्रांची पोथी उघडली. रोमकरांस पत्र, अध्याय १३: चैनबाजी आणि भांडणं सोडा, प्रभू येशू ख्रिस्ताला परिधान करा. तेवढ्याने भागलं. पुढची ओळ वाचायची गरज पडली नाही. ती अलीपियुसने वाचली आणि स्वतःला लावून घेतली.

यानंतर त्याने काय केलं? लगेच राजीनामा फेकला नाही. द्राक्षतोडणीची सुट्टी वीसेक दिवसांवर होती, तोवर तास घेतले आणि मग छातीच्या दुखण्याचं कारण देऊन नोकरी सोडली. ३८७ च्या ईस्टरच्या आदल्या रात्री अँब्रोज यांनी त्याला, अलीपियुसला आणि पंधरा वर्षांच्या अदेओदातुसला बाप्तिस्मा दिला. त्या अष्टकोनी बाप्तिस्मागृहाचा चौथरा मिलानच्या कॅथीड्रलखाली आजही पाहायला मिळतो. हुशार अदेओदातुस मात्र दोन-तीन वर्षांतच गेला.

'मला शुद्ध कर, पण इतक्यात नको' हे खरंच त्यांचं वाक्य आहे का?

हो. तरुणपणी आपण अशी प्रार्थना करत होतो, असं त्यांनी सांगितलं आहे. देव लगेच ऐकेल की काय, याची भीती वाटायची.

बिशप व्हायचं त्यांच्या मनात होतं का?

अजिबात नव्हतं. थागास्तेला परतून चार मित्रांबरोबर प्रार्थना आणि अभ्यास करत राहायचं, एवढाच बेत होता. ज्या गावात बिशपची जागा रिकामी असेल तिथे जायचंही ते टाळत, कारण लोक धरून बसवतील ही धास्ती. हिप्पोत बिशप होते, म्हणून ३९१ मध्ये निर्धास्त गेले. तर म्हाताऱ्या बिशप वालेरियुस यांनी प्रवचनातच सांगितलं की मला एक धर्मगुरू हवा आहे, आणि जमावाने ऑगस्टीनना धरून पुढे ढकललं. ते रडले. लोकांना वाटलं, थेट बिशप न करता साधा धर्मगुरू केला म्हणून रडताहेत. त्यांनी समजूत घातली की तेही होईल हो!

त्यानंतर सुमारे एकोणचाळीस वर्षं त्या शहराने त्यांना सोडलं नाही. आपण ज्यांना ग्रंथकार म्हणून ओळखतो ते दिवसाचे कित्येक तास जमिनीची, वारशाची भांडणं सोडवत बसत, कारण बिशपपुढे दिवाणी तंटे चालवायची तेव्हा मुभा होती. या कामाला ते पुष्कळ वैतागत. त्यांच्याबरोबर राहिलेले आणि त्यांचं चरित्र लिहिणारे पोसिदियुस सांगतात की जेवणाच्या मेजावर त्यांनी ओळी लिहून ठेवल्या होत्या: पाठीमागे निंदा करणाऱ्याला या मेजावर जागा नाही. पाहुण्या बिशपांनी कुजबुज सुरू केली की म्हणत, एक तर या ओळी पुसा नाहीतर मी उठतो. युद्धकैदी सोडवायला त्यांनी चर्चची सोन्याचांदीची भांडी वितळवली.

१९८१ मध्ये छापून आलेल्या, तोवर अज्ञात असलेल्या पत्रांच्या जुडग्यात एक पत्र गुलामांच्या व्यापाराबद्दल आहे. दलाल खेड्यांवर धाडी घालून स्वतंत्र माणसं पळवत आणि हिप्पोच्या बंदरातून जहाजात भरत. बिशप बाहेरगावी असताना त्यांच्या मंडळीतल्या लोकांनी असे सुमारे १२० जण सोडवले. व्यापाऱ्यांना वरच्या हुद्द्यावरच्यांचा आश्रय होता, म्हणून या पत्रात ते कायद्याचा काथ्याकूट करत मदत मागतात. गुलामगिरीच मुळात संपवावी, असं मात्र ते कुठे म्हणत नाहीत.

धर्माच्या बाबतीत बळजबरीचं समर्थन त्यांनी केलं, हे खरं?

खरं आहे, आणि सणाच्या प्रवचनात हे कुणी सांगत नाही म्हणून इथे सविस्तर.

३०३ सालच्या छळात काही धर्मगुरूंनी पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले. अशा फितुरांनी दिलेला संस्कार खोटा, असं मानणारा गट आफ्रिकेत फुटून निघाला. पुढारी दोनातुस, म्हणून दोनातपंथी. ऑगस्टीन आले तेव्हा हिप्पोत बहुसंख्य तेच होते. त्यांच्यातल्या लाठीधारी टोळ्या विरोधकांना झोडपत. एकदा ऑगस्टीन वाटाड्याने रस्ता चुकवला म्हणूनच दबा धरलेल्यांच्या हातून वाचले. वादातला त्यांचा मुद्दा मला आजही बिनतोड वाटतो: संस्कार धर्मगुरूचा नसतो, ख्रिस्ताचा असतो, देणारा वाईट निघाला म्हणून घेणाऱ्याचं काही बिघडत नाही.

सुरुवातीला ते म्हणत, चर्चा करा, सक्ती नको. ढोंगी लोक आत येतील. मग बादशाही कायदे आले, दंड आणि जप्ती सुरू झाली आणि लोक आत आले. ४०८ च्या सुमाराच्या पत्रात ते लिहितात की माझं मत बदललं. माझं स्वतःचं गाव कायद्याच्या भीतीने आलं आणि आज मनापासून आहे. येशूने सांगितलेल्या जेवणावळीच्या दाखल्यातलं 'त्यांना आत यायला भाग पाड' हे वाक्य त्यांनी पुराव्याला घेतलं. ४११ मध्ये कार्थेजला दोन्हीकडच्या प्रत्येकी पावणेतीनशेहून जास्त बिशपांची सभा झाली आणि बादशहाच्या अधिकाऱ्याने दोनातपंथीयांविरुद्ध निकाल दिला.

बचाव म्हणून एवढं सांगता येतं की मृत्युदंडाला त्यांनी ठाम विरोध केला, अगदी आपल्या धर्मगुरूच्या खुन्यांसाठीही. पण पुढच्या हजार वर्षांत छळ करणाऱ्यांनी त्यांचा युक्तिवाद उचलला आणि दयेची याचिका मागे टाकली. स्वतःच्या नासपतीचा इतका बारकाईने हिशेब घेणाऱ्या माणसाने 'परिणाम चांगला झाला ना' एवढ्यावर समाधान मानावं, याचं मला वाईट वाटतं.

आदिपापाचा सिद्धांत त्यांनीच काढला का?

आदामाचं पाप प्रत्येक माणसाला जन्मतःच चिकटलेलं असतं, हा तो सिद्धांत. शब्द आणि घट्ट मांडणी त्यांची, बीज पौलाच्या पत्रांत. ब्रिटनहून आलेले तपस्वी पेलागियुस म्हणत, देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची ताकद माणसात आहेच, सबबी सांगू नका. ऑगस्टीनना बाग आठवत होती. समजत होतं, हवं होतं, तरी जमत नव्हतं. कृपेने उचललं तेव्हा उठले. ४१८ मध्ये पेलागियुस दोषी ठरले. पण वादाच्या भरात ऑगस्टीनही टोकाला गेले: बाप्तिस्म्याशिवाय मेलेल्या बाळालासुद्धा शिक्षा, भले अत्यंत सौम्य. कॅथलिक चर्च आज ते मत धरून बसलेलं नाही. अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपवावं आणि त्यांच्या तारणाची आशा बाळगावी, असं २००७ मध्ये व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने म्हटलं आहे.

'देवाचं नगर' त्यांनी कशामुळे लिहिलं?

४१० च्या ऑगस्टमध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटलं. आठशे वर्षांत कुणाला जमलं नव्हतं. निर्वासितांची जहाजं आफ्रिकेला लागली आणि जुन्या देवांना मानणारे म्हणू लागले, तुमच्या ख्रिस्तामुळे हे झालं. उत्तर द्यायला ते ४१३ मध्ये बसले आणि ४२६ च्या सुमारास उठले. २२ भाग झाले. दोन प्रेमांतून दोन नगरं उभी राहिली, एक देवाला विसरून स्वतःवर केलेल्या प्रेमातून, दुसरं स्वतःला विसरून देवावर केलेल्या प्रेमातून, आणि या जगात दोन्ही एकमेकांत मिसळलेली आहेत, हा त्याचा गाभा. न्याय वजा केला तर राज्य म्हणजे दरोडेखोरांची मोठी टोळीच, हे त्यातलंच. तिथे एक समुद्री लुटारू सिकंदराला सुनावतो: मी एका होडीने करतो म्हणून चोर, तू आरमाराने करतोस म्हणून सम्राट.

समुद्रकिनाऱ्यावरच्या मुलाची गोष्ट?

शिंपल्याने समुद्र खड्ड्यात भरणारं बाळ आणि त्रैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा याचं, कोडं सोडवत फिरणारे बिशप. सुंदर गोष्ट आहे, पण मध्ययुगातली दंतकथा.

शेवट कसा झाला?

४२९ मध्ये राजा गेइसेरिकचे वँडल जमातीचे लोक स्पेनमधून आफ्रिकेत उतरले आणि गावंच्या गावं जाळत पुढे सरकले. ४३० च्या उन्हाळ्यात हिप्पोला वेढा पडला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यात बिशपना ताप भरला. पश्चात्तापाची स्तोत्रं मोठ्या अक्षरांत लिहवून त्यांनी समोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि पडल्या पडल्या वाचत राहिले. शेवटचे दहा दिवस वैद्य आणि जेवण आणणारे सोडून कुणाला आत येऊ दिलं नाही. मृत्युपत्र नव्हतं, कारण ठेवायला काही नव्हतं. फक्त चर्चची पुस्तकं नीट जपा, एवढं बजावलं. शहर पुढे जळालं, पुस्तकं वाचली.

त्यांच्या अस्थी कुठे आहेत?

आफ्रिकेतून हद्दपार झालेल्या बिशपांनी त्या सार्डिनिया बेटावर नेल्या. तिथून आठव्या शतकात लोंबार्ड राजा लिउतप्रांद याने उत्तर इटलीतल्या पाव्हिया शहरात आणल्या. आज त्या तिथल्या सान पिएत्रो चर्चमध्ये, चौदाव्या शतकातल्या संगमरवरी समाधीत आहेत. अन्नाबाच्या टेकडीवरच्या बॅसिलिकात हाताच्या हाडाचा अवशेष ठेवला आहे.

त्यांना संत कुणी घोषित केलं?

कुणीच नाही. ती रीत नंतरची. लोकांनी मानलं आणि चर्चने मान्य केलं. १२९८ मध्ये पोप बोनिफास आठवे यांनी त्यांना चर्चच्या आचार्यांत गणलं.

कँटरबरीचे संत ऑगस्टीन तेच का?

नाही. ते ५९७ मध्ये इंग्लंडला गेलेले मिशनरी.

ऑगस्टिनियन संघ त्यांनीच स्थापन केला?

त्यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिला. तो पाळणाऱ्या विखुरलेल्या तपस्व्यांना पोपनी १२४४ मध्ये आणि मग १२५६ मध्ये एका संघात आणलं. या संघाची माणसं बघा: मार्टिन ल्यूथर इथलेच, आणि वाटाण्यांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारे ग्रेगोर मेंडेलही. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेले पोप लिओ चौदावे या संघाचे पहिले पोप. सज्ज्यात उभं राहून त्यांनी स्वतःला संत ऑगस्टीन यांचा पुत्र म्हटलं आणि त्यांचंच वाक्य सांगितलं: तुमच्यासोबत मी ख्रिस्ती आहे, तुमच्यासाठी बिशप.

जुन्या गोव्यातला तो मोडका मनोरा यांचाच ना?

हो. सहल बॉम जेझू चर्चवरून परत फिरते. थोडं चढून वर गेलात तर दिसेल. ऑगस्टिनियन धर्मगुरू १५७२ मध्ये गोव्यात आले आणि मोंते सांतो टेकडीवर त्यांचं भव्य चर्च १६०२ मध्ये पुरं झालं. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने संघांना बाहेर काढलं, देखभाल सुटली, १८४२ मध्ये छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा गेला. उरलेला जांभ्या दगडाचा मनोरा ४६ मीटर उंच आहे. त्याची घंटा १८७१ पासून पणजीच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये आहे. पायऱ्यांच्या त्या पांढऱ्या चर्चचे फोटो काढणाऱ्यांना हे सहसा ठाऊक नसतं.

याच अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी सापडल्या. धर्म सोडायला नकार दिला म्हणून इराणच्या शाह अब्बासने १६२४ मध्ये शिराजला तिचा छळ करून वध केला. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी अस्थी गुपचूप उचलल्या आणि काही गोव्याला आणल्या. पुरातत्त्व खात्याला मिळालेल्या हाडाची हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेत डीएनए तपासणी झाली आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले.

आणि टेकडीवरच, मनोऱ्याच्या अगदी जवळ, सतराव्या शतकातला धर्मभगिनींचा मठ आहे, सांता मोनिका. म्हणजे इथेही आई मुलाच्या मागे आलीच. मुलाचं चर्च पडलं, आईचा मठ शाबूत आहे.

त्यांचं काही वाचायचं तर कुठून सुरुवात करू?

सगळं वाचायच्या फंदात पडू नका. 'मी ऑगस्टीन पूर्ण वाचला' म्हणणारा खोटं बोलतो, असं सेव्हिलचे इसिदोर सातव्या शतकातच म्हणून गेले. म्हातारपणी स्वतःच्या लिखाणाची झाडाझडती घेताना ऑगस्टीननी ९३ ग्रंथ मोजले आणि कुठे काय चुकलं ते ग्रंथागणिक नोंदवलं. पत्रं आणि प्रवचनं वेगळीच.

'कन्फेशन्स' घ्या. ३९७ ते ४०० च्या आसपासचं, १३ भाग. पहिला भाग स्तुतीने सुरू होतो आणि बरेच वाचक तिथेच गळतात. म्हणून दुसऱ्यापासून, नासपतीपासून धरा, नवव्यापर्यंत जा, तिथे आईचा मृत्यू आहे. डोळ्यांतलं पाणी ते जबरदस्तीने रोखतात, न्हाऊन बरं वाटेल म्हणून न्हाणीघरात जातात, वाटत नाही, झोपतात, उठतात आणि मग रडतात. वाचणाऱ्याला सांगतात, जिने माझ्यासाठी इतकी वर्षं अश्रू ढाळले तिच्यासाठी मी घटकाभर रडलो तर हसू नका. मग अकराव्यावर उडी मारा: काळ म्हणजे काय? कुणी विचारलं नाही तर मला ठाऊक आहे, विचारणाऱ्याला सांगायला गेलो की ठाऊक नाही. पाठ असलेलं स्तोत्र म्हणताना म्हटलेल्या ओळी आठवणीत सरकतात, राहिलेल्या अपेक्षेत असतात, आणि आपण मध्ये कुठेतरी. तो भाग रात्री वाचू नका, झोप लागत नाही.